गुडघा वाकवायचा नाही

आमच्या गावात एक गोष्ट सांगतात. सांबऱ्याच्या रस्त्यावरच्या आमच्या हायस्कुलाचा मुलींचा व्हॉलीबॉल संघ निपाणीला अंतिम सामना हरला, तो एका मुलीच्या अंगचोरपणामुळे. ऐन सामन्यात ती पडली आणि पायाचं सोंग करून मैदानाबाहेर जाऊन बसली. ही गोष्ट पारावर, हॉटेलात, लग्नाच्या पंगतीत मी इतक्यांदा ऐकली आहे की त्या मुलीला कधी न पाहिलेली माणसंही आता ती डोळ्यांनी पाहिल्यासारखी सांगतात.

गोष्ट खोटी आहे आणि ती मी पसरवली. त्या संघाचा पीटी सर मीच होतो. ती मुलगी आज चाळिशी ओलांडून गेली आहे. बेळगावच्या खडेबाजारात साडीच्या दुकानात दिवसभर उभी असते आणि संध्याकाळी तिचा उजवा गुडघा सुजतो. आता तिची लेक त्याच शाळेच्या संघात खेळते, त्याच कट्ट्यावरून उड्या मारते. लेकीचाही गुडघा दुखायला लागला, म्हणून मला तोंड उघडावं लागलं. ती वेळ आली नसती तर मी ही गोष्ट बरोबर घेऊनच वर गेलो असतो. माझ्याबद्दल कुणाचा चांगला गैरसमज होऊ नये म्हणून हे आधीच सांगतो.

मी तालमीत वाढलो. आमच्या तालमीत वस्ताद एकच शिकवायचे, पाय रोव. हौद्यातल्या तांबड्या मातीत पाय रोवून उभा राहिलेला गडी हलता कामा नये. कुणाचा गुडघा लवला की वस्ताद वेताची काठी त्याच्या पोटरीवर हाणायचे आणि म्हणायचे, “गुडघं टेकायला आलाईस व्हय रं हितं?” गुडघा वाकणं म्हणजे हार, हे माझ्या डोक्यात लहानपणीच असं बसलं की त्याच्याबद्दल कधी विचार करावा लागेल हेच मला ठाऊक नव्हतं. पुढं मी पीटीचं शिक्षण घेतलं, तेही मार्कांपुरतं. अंगात होती ती तालीमच.

मुलींचा संघ हाती आला तेव्हा मी त्यांना तेच दिलं. शाळेच्या पटांगणाच्या कडेला दगडी कट्टा आहे, कमरेएवढा. खाली मुरमाड जमीन. मुलींना आधी भरपूर बैठका मारायला लावायच्या, मांड्या थरथरायला लागल्या की कट्ट्यावर चढवायचं आणि खाली उडी मारायला लावायची. नियम एकच. उतरल्यावर खांबासारखं ताठ उभं राहायचं. जी वाकेल तिला पुन्हा वर चढवायचो. जाळ्यापाशी उंच उडी मारून खाली आलेली खेळाडू लगेच दुसऱ्या चेंडूला तयार पाहिजे, वाकून बसली तर वेळ जातो, असं मी त्यांना समजावायचो. ऐकायला ते शहाणपणाचं वाटायचं. दणदण पाय आपटत मुली उतरायच्या आणि तो आवाज मला आवडायचा.

ती सगळ्यांत उंच उडायची आणि सगळ्यांत ताठ उतरायची. दुसऱ्या मुलींना मी तिच्याकडं बोट दाखवायचो.

निपाणीच्या सामन्यात तिनं ब्लॉकसाठी उडी मारली आणि एका पायावर खाली आली. गुडघा आतल्या बाजूला गेला. आवाज आला. हिरवी काठी मोडल्यासारखा. तो मी स्पष्ट ऐकला आणि तो कशाचा आहे हेही मला कळलं, कारण तालमीत मी असा आवाज ऐकला होता. ती मांडी धरून पडली होती. मी गेलो आणि म्हणालो, “ऊठ. लोक बघालेत.”

“सर, पाय जाग्यावर न्हाय.”

“पाय जाग्यावर न्हाय तर काय निपाणीच्या बाजारात गेलाय? ऊठ म्हणतो.”

बाकीच्या मुली हसल्या. ती उठली. मी तिला परत जाळ्यापाशी उभं केलं. पुढच्या उडीला ती पडली ती उठलीच नाही. आम्ही हरलो.

परतीच्या गाडीत ती मागच्या बाकावर पाय आडवा टाकून बसली होती. मी तिच्याकडं एकदाही गेलो नाही. गावात उतरल्यावर पारावरच्या लोकांनी विचारलं, काय झालं. मी म्हणालो, “पोरगी अंग चोरती. सोंगं हैत सगळी.” तिचा बाप तिथंच उभा होता. शेती करून शहरात वॉचमनची नोकरी करणारा सरळ माणूस. त्यानं माझ्यावर विश्वास ठेवला, कारण मी सर होतो. पायाला हळद-चुना लावून तिला घरी बसवली, खेळ बंद केला आणि वर्षभर तिच्याशी धड बोलला नाही. डॉक्टरकडं नेलंच नाही. सोंगाला कोण डॉक्टरकडं नेतं?

एवढं झाल्यावर माझी झोप उडायला हवी होती. उडाली नाही. मी अनेक वर्षं चांगला झोपलो. माझ्याच हाताखालचा एक मुलगा पुढं त्याच शाळेत पीटी सर झाला, त्यानं माझीच पद्धत चालवली, आणि मी पेन्शन घेत पारावर बसून त्याची तारीफ करत राहिलो.

मग माझाच गुडघा धरला. माझ्या मुलानं मला बेळगावात एका दवाखान्यातल्या फिजिओथेरपीच्या विभागात नेलं. माझी पाळी यायची होती. समोरच्या खोलीत दार उघडं टाकून काहीतरी चाललं होतं. खेळाडू मुली एका लाकडी पेटीवरून खाली उडी मारत होत्या. त्यांच्या मांड्यांना पुढून-मागून आणि पोटऱ्यांना काड्यापेटीएवढ्या छोट्या डब्या चिकटवलेल्या होत्या आणि संगणकाच्या पडद्यावर रेघा उठत होत्या. मी उठून दारात जाऊन उभा राहिलो. उडी म्हटल्यावर माझे पाय आपोआप तिकडं गेले.

तिथली डॉक्टरीण तरुण होती. कानडी वळणाचं मराठी बोलत होती. तिनं मला हाकललं नाही, खुर्ची दिली.

“ह्या रेघा कशाच्या?” मी विचारलं.

“स्नायू किती काम करतात, ते दिसते अज्जा. बघा, पाय अजून जमिनीला लागला नाही. तरी रेघ उठली. पाय टेकायच्या आधीच मांडी तयार होते.”

एक मुलगी ताठ उतरली. दण्ण आवाज आला. पुढच्या मांडीची रेघ एकदम उसळली, मागच्या मांडीची मात्र उशिरा आणि जेमतेम हलली. दुसरी उतरली ती मांजरासारखी. कंबर मागं, गुडघे वाकलेले, आवाज जवळजवळ नाहीच. तिच्या पुढच्या-मागच्या रेघा बरोबरीनं उठल्या.

डॉक्टरीण म्हणाली, “ताठ उतरलं की पुढची मांडी नडगीला पुढं ओढते. मागची मांडी तिला धरून ठेवायला पाहिजे, ती झोपलेली. मग सगळा भार गुडघ्याच्या आतल्या दोरीवर. वाकून उतरलं की दोघी मिळून भार घेतात.”

“पण वाकलं तर पुढच्या चेंडूला उशीर होतो न्हाय का?”

“वाकूनच तर पुढची उडी मिळते. ताठ खांब उडतो का कधी?” मग ती हसून म्हणाली, “अय्यो अज्जा, ह्या पोरींना कुठल्यातरी शाळेत कुणीतरी शिकवून ठेवलंय, गुडघा वाकवायचा नाही. बैठका मारून पुढची मांडी दगड करायची, मागची तशीच कच्ची. कोण शहाणा असेल तो! भेटला तर त्यालाच पेटीवरून ढकलीन.”

मी हसलो. तिच्यासमोर हसलो, याची मला अजून शिसारी येते.

घरी आलो आणि काही केलं नाही. आपल्या काळात कुणाला माहीत होतं, असं मनाशी म्हटलं. ते अर्धंच खरं होतं. कसं उतरायचं ते मला माहीत नव्हतं, पण तो आवाज कशाचा होता ते माहीत होतं. मोडलेल्या पायाला सोंग म्हणण्यासाठी कुठलं अज्ञान लागत नाही, त्याला नीचपणा लागतो.

दोन आठवड्यांनी ती, माझी जुनी खेळाडू, माझ्या दारात आली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. एकाच गावात राहून आम्ही एकमेकांना टाळण्यात पटाईत झालो होतो. बायकोनं पाणी दिलं, ते तिनं घेतलं नाही.

“लेकीचा गुडघा सुजालाय. उतरताना दुखतोय म्हणती. तुमच्या चेल्याला सांगायला गेलते. तो म्हणतो, ही सरांची पद्धत हाय, आणि तुमी आईलेकी दोघी नाजूक.”

मी म्हणालो, “बस की गं आधी.”

“बसायला आले न्हाय. उद्या तो संघ निवडणार. कट्ट्यावरनं ताठ उतरल तीच संघात. माझी पोरगी माझं ऐकत न्हाय. तिला वाटतं, आई घाबरट हाय. कुणी शिकवलं तिला हे? गावानं. आन् गावाला कुणी शिकवलं?”

मी माफी मागायला तोंड उघडलं तेवढ्यात ती म्हणाली, “ते तुमच्यापाशीच ठेवा. मला नको. तुमी उद्या तिथं जाऊन त्याला थांबवा. तुमचंच ऐकल तो. न्हाय ऐकला तर चार लोकांत खरं काय ते सांगा. नंतर मला तोंड दाखवू नका.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी पटांगणावर गेलो. बैठका संपल्या होत्या आणि मुली कट्ट्यावर ओळीनं उभ्या होत्या. चेल्यानं मला पाहून पाया पडायला हात पुढं केले. मी त्याला बाजूला घेऊन सांगितलं, दवाखान्यात काय पाहिलं ते. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “सर, वय झालं तुमचं. घरात बसून टीव्ही बघा की. मी न्हाय का हेच करून मोठा झालो? माझा गुडघा कुठं गेला?”

“तुझा गेला न्हाय म्हणून तिचा जाणार न्हाय असं कोण म्हणतंय रं?”

“ती आलती ना तुमच्याकडं? तिच्या बोलण्यावर जाऊ नका. तिची गोष्ट साऱ्या गावाला ठाऊक हाय. तुमीच सांगितलीया.”

तो वळला आणि शिट्टी तोंडाला लावली. मी कट्ट्याखाली, मुली जिथं उतरणार तिथं, मुरमात बसलो. गुडघ्यातून कळ मस्तकात गेली. बसलो ते पुन्हा आपल्या आपण उठता येणार नाही, हे बसतानाच कळलं होतं.

“अण्णा, उठा तिथनं!” कट्ट्याच्या टोकाला उभी असलेली तिची लेक ओरडली. सणसणीत आवाजाची मुलगी. “माझी पाळी हाय!”

“माझ्या अंगावर उतर.”

मुली खिदळल्या. पटांगणासमोरच्या पारावरचे लोक उठून आले. कुणीतरी म्हणालं, “म्हातारं खुळं झालंय रं, उचला त्याला.” चेला माझ्या काखेत हात घालायला लागला तेव्हा मी मोठ्यानं सांगितलं. निपाणीत गुडघा मोडल्याचा आवाज मी ऐकला होता. ऐकूनही तिला परत उभं केलं होतं. तिनं सोंग केलं नव्हतं, सोंग मी केलं होतं. आणि ज्या रीतीनं तो गुडघा मोडला ती रीत हीच, ह्याच कट्ट्यावरची.

मग पारावरचा माझ्याच वयाचा एकजण थुंकला आणि म्हणाला, “आन् आमी तिच्या बापाला इतकी वर्षं चिडवलं की रं तिच्यावरनं. तो मेला त्यातच.” चेला म्हणाला, “सर, तुमी माझी पार नाचक्की केली.” त्याला मुलींच्या गुडघ्यांबद्दल एक शब्द बोलायचा नव्हता.

तिची लेक माझ्याकडं बघत होती. तिच्या डोळ्यांत दया नव्हती, राग होता. आईवर केलेला सगळा राग फुकट गेल्याचा राग असावा तो. ती कट्ट्यावर बसली, पाय खाली सोडले आणि हातांवर भार देत सावकाश उतरली.

“उडी न्हाय मारलीस तर संघात न्हाय,” चेला म्हणाला.

“नको तुमचा संघ,” असं म्हणून ती चपला शोधायला लागली. बाकीच्या मुली कट्ट्यावर तशाच उभ्या राहिल्या. मला दोघांनी धरून उठवलं तेव्हाही त्या वरच होत्या. त्यांतल्या किती जणींनी नंतर उडी मारली, मला माहीत नाही.

दोन दिवसांनी ती लेकीला त्याच डॉक्टरणीकडं घेऊन गेली. पत्ता मीच कुणाकरवी पाठवला होता. मीही गेलो, न बोलावता. खोलीच्या दारात तिनं मला अडवलं. “तुमी भाईर थांबा.”

मी बाहेरच्या बाकावर बसलो. आतून पेटीवरून कुणी उतरल्याचा आवाज येत होता, पुन्हा पुन्हा. आधी मोठा, मग जरा लहान. किती वेळ गेला कोण जाणे. दार उघडलं तेव्हा आधी लेक बाहेर आली. मी विचारण्याआधीच म्हणाली, “दोर शाबूत हाय. सूज हाय नुसती. महिनाभर उड्या बंद.” एवढं बोलून ती पाण्याच्या नळाकडं गेली.

मागून ती आली. भिंतीला धरून, उजव्या पायावर कमी भार देत. डॉक्टरीण तिच्या पाठोपाठ दारात आली आणि मला ओळखून म्हणाली, “अज्जा, ह्यांचा गुडघा पण बघितला मी. जुनं आहे. तेव्हाच आणलं असतं तर नीट झाला असता.”

तिनं माझ्याकडं पाहिलं. मी काहीतरी बोलेन असं तिला वाटलं असावं, कारण तिनं हात वर करून मला गप्प केलं.

“बसनं जावा तुमी,” ती म्हणाली. “आमच्या स्कूटरवर जागा न्हाय.”