उन्हात ठेवलेला वाफा

ज्याचे सारे आयुष्य पाठशाळेत इतरांच्या पोथ्या शिकवण्यात आणि नकलण्यात गेले, त्याने म्हातारपणी स्वतःचे चार शब्द मांडायला बसावे, हा आगाऊपणाच आहे. वाचकांनी तो पोटात घालावा. माझ्या थोरल्या वहिनींना ओळखणारे आता कसब्यात कोणी उरले नाही, म्हणून लिहितो.

वहिनी उन्हाला भीत नसत. चैत्र सरता सरता आळीतली माणसे माजघराच्या अंधारात शिरत, तेव्हा ह्या पदर खोचून परसात कुदळ चालवीत. विहिरीजवळ त्यांचा एक वाफा होता. तो त्या खोल खणत, खालची ढेकळे वर आणीत, एकदा पाणी शिंपडून ज्येष्ठापर्यंत उघडा सोडीत. हरळीची मुळे वाळत, हुमणीच्या अळ्या वर येऊन मरत. "हरळी सावलीत मरत नाही, भाऊजी," त्या मला म्हणत, "तिला उघड्यावर आणावं लागतं." मृगाच्या सुमारास मातीवर तळहात ठेवून त्या अंदाज घेत आणि मग अबोली लावीत. पुढे तिच्या वेण्या त्यांच्या अंबाड्यावर दिसत.

माझे थोरले बंधू, दादा, फौजेबरोबर कारकून म्हणून उत्तरेस गेले. तिकडे फौज बुडाली. काही जण चिंध्या पांघरून परतले. दादांना मरताना पाहिले असे सांगणारा त्यांच्यात एकही भेटला नाही, आणि जिवंत पाहिले असे सांगणाराही नाही. त्या वर्षी वहिनींनी वाफा खणला, तापवला, पण मृग आला तरी काही लावले नाही. पुढच्या वर्षीही नाही. अबोली लावावी, तर नवरा आहे असे म्हटल्यासारखे. देवापुरती तुळस लावावी, तर तो नाही असे म्हटल्यासारखे. वहिनींना दोन्ही म्हणायचे नव्हते. त्या नुसती माती तापवीत राहिल्या.

शेजारच्या काकूंनी एकदा कुंपणावरून टोमणा मारला, "अगं, माती तापवतेस की पापड वाळवतेस?"

"पापड असते तर काकू, तुम्ही केव्हाच चव घेऊन गेला असता."

शास्त्राने सांगितलेली वर्षे भरली, तेव्हा वडिलांनी पळसाच्या पानांचा पुतळा करून दादांचे दहन करायचे ठरवले. वडील कठोर नव्हते. पितरांत जागा न मिळालेला मुलगा त्यांना झोपू देत नव्हता. वहिनी दाराआडून म्हणाल्या, "मामंजी, एवढा उन्हाळा जाऊ द्या. माती पुरती तापली नाही."

"सूनबाई," वडील म्हणाले, "त्या मातीत आता मरायला काही उरलेलं नाही."

वैशाखात मुठेकाठी पुतळा जळला. इकडे परसात न्हावी येऊन थांबला होता. वहिनींनी जागा स्वतःच दाखवली: वाफ्याच्या कडेला, उन्हात. केस मातीवर पडत होते. त्या रडल्या नाहीत. हात थांबत होता तो न्हाव्याचा. "आटपा," त्या म्हणाल्या.

मृगाच्या तोंडावर, आलवणाचा पदर कपाळावर ओढून त्या मला म्हणाल्या, "भाऊजी, माळ्याकडून रोपं आणाल?"

"तुळशीची?"

"अबोलीची."

मी आणली. वडिलांनी पाहिले आणि ते आत गेले.

एवढी वर्षे तापलेल्या त्या मातीत अबोली अशी फुलली की वाटसरू थबकत. वहिनींना ती माळता येत नव्हती, आणि विधवेच्या हातचे फूल घ्यायला आळीतल्या सुवासिनी धजत नव्हत्या. "वहिनी, सुकतात हो देठावर," मी एकदा म्हणालो.

"सुकू द्या. कोणी लावली, ते तरी दिसतं ना?"

पुढे एका पावसाळ्यात त्या तापाने गेल्या. तिरडी बांधली जात असताना मी परसात गेलो आणि अबोलीची ओंजळ भरून आणली. भटजींनी माझा हात हळूच बाजूला केला. अबोली सुवासिनीची, आणि हे शास्त्र मी स्वतःच शिष्यांना शिकवतो. तिरडी उचलली गेली. मी ओंजळ धरून दारात उभा होतो.

वाचकहो, ती फुले मी कुठे ठेवायला हवी होती?