माझं नाक आणि धुळ्याचा साखरपुडा

मी जळगावात घरगुती मसाले करते. उन्हाळा लागला की काळ्या मसाल्याच्या ऑर्डरी सुरू होतात, नशिराबादपासून सावद्यापर्यंत. काळ्या मसाल्यात खरं काम भाजण्याचं. खोबरं काळपट व्हायला हवं, जळायला नको. हा फरक डोळ्यांना कळत नाही, कारण धुरात सगळंच काळं दिसतं. तो नाकाला कळतो. आणि ते नाक कोरोनाने एकदा बंद करून दाखवलं.

ताप किरकोळ होता. वास मात्र गेला तो गेलाच, आणि बऱ्याच महिन्यांनी परत आला तेव्हा भलताच होऊन आला. चहाला पंक्चरच्या दुकानाचा वास. लसणाच्या फोडणीला जळक्या वायरचा. नवऱ्याला कसलाच वास येत नव्हता, तेवढं एक बरं होतं. डोक्यातही धुकं. सामानाची यादी करायला बसायचे, ‘धणे’ लिहायचे आणि त्याखाली परत ‘धणे’. त्या हंगामात मी शेजारच्या काकूंना वास घ्यायला कढईजवळ खुर्ची दिली. काकू भल्या, पण बोलक्या. सुनेचं सांगता सांगता त्यांनी खोबऱ्याचा अख्खा घाणा जाळला.

हळूहळू नाक जागेवर आलं. डॉक्टर म्हणाले, “पुढच्या वेळी असंच होईल असं नाही. होणार नाही असंही नाही.” मला तेवढं पुरलं. तेव्हापासून बंद जागेत गर्दी असली की मी मास्क लावते. लोकांना वाटतं मी मरणाला भिते. मरणाचं मरणाच्या वेळी बघू. मला भीती आहे ती खोबऱ्याची.

यंदा धुळ्याला माझ्या नणंदेच्या मुलीचा साखरपुडा ठरला. मी मुलीची मामी, म्हणजे जाणं भागच. नणंदेचा फोन आला.

“वहिनी, तोंडाला ते बांधून येणार असशील तर आधीच सांग.”

“येणार आहे.”

“व्याही म्हणतील, हिला कसली तरी लागण झालीय.”

“अक्का, हॉलला खिडक्या आहेत का?”

“एसीच्या हॉलला खिडक्या कशाला लागतात?”

“बरं. मांडे कुठे करणार?”

“हॉलच्या मागच्या अंगणात, चुलीवर. गॅसवर कुठे मांडे होतात?”

“मग मी तिथे बसते.”

नवऱ्याला हे पटलं नाही. “अगं, मामीचा मान असतो. तू पाटावर बसायची सोडून चुलीशी बसणार?”

“तुम्ही मामा आहात ना? माझ्या वाटचाही मान तुम्हीच घ्या.”

तर साखरपुड्याच्या दिवशी हॉलमधून येताना लावलेला मास्क तसाच ठेवून मी अंगणात, मांडे करणाऱ्या चार बायांच्या पंक्तीत. आमच्याकडे व्याह्यांना मांडे लागतातच. पुरण भरलेली पोळी दोन्ही हातांवर झेलत झेलत पंचाएवढी मोठी करायची आणि तापलेल्या उपड्या खापरावर अलगद टाकायची. येरागबाळ्याचं काम नाही. मी आपली तूप लावायला.

त्यातली सगळ्यात वयस्कर बाई माझ्याकडे पाहत म्हणाली, “काय वं बाई, आजून कोरोना शे का?”

“आहे की. न सांगता येणाऱ्या पाहुण्यासारखा.”

“आमना गावमा त कव्हयनाच गया!” त्यांच्या गावातून कोरोना कधीचाच गेला होता. बाकीच्या तिघी खो खो हसल्या.

तेवढ्यात वारा फिरला आणि धूर सरळ आमच्या तोंडावर आला. चौघी खोकून बेजार. माझ्या डोळ्यांना पाणी, पण घसा ठीक होता. म्हातारीने ते हेरलं. हात पुसून पुढे केला. “माले बी दे वं एक.”

मी जास्तीचे मास्क घेतल्याशिवाय घराबाहेर पडत नाही. चौघींना चार दिले.

थोड्या वेळाने एरंडोलचे व्याही तंबाखू मळत अंगणात आले आणि जागच्या जागी थबकले. धुरात पाच बाया, पाचही जणींच्या तोंडाला मास्क.

“काय हो, परत सुरू झालं का?” त्यांनी विचारलं.

पोळी हातांवर असताना मांडे करणारी बोलत नाही, लक्ष गेलं की फाटते. मी कलंडणारी तुपाची वाटी सावरत होते. व्याह्यांनी क्षणभर वाट पाहिली, तंबाखू टाकून दिली आणि आत गेले.

मग हॉलमधून माणसं बाहेर यायला लागली. आधी एरंडोलची, मग आपली. त्यांच्यामागे खुर्च्या आल्या, सतरंजी आली, शेवटी नवरीमुलगीही शालू सावरत आली आणि अंगणातल्या कडुलिंबाखाली बसली. कोरोना परत आल्याची अफवा माझ्यापर्यंत आली तोवर तिच्यात धुळ्याच्या दवाखान्यांत खाटा मिळेनाशा झाल्या होत्या.

नणंद तरातरा आली. “वहिनी, व्याह्यांना काय सांगितलंस तू?”

“मी तर तोंडसुद्धा उघडलं नाही.”

“हो ना! तेच तर!”

पण बोलणी फिसकटली नाहीत. व्याह्यांना खापरावरून थेट ताटात पडणारे मांडे मिळाले, आणि चौथ्या मांड्यानंतर ते म्हणाले, “आत बसलो असतो तर गार खाल्ले असते.” नणंदेचा चेहरा लगेच उजळला. साखरपुडा लिंबाखालीच झाला. मोकळ्या हवेत मीही मास्क काढला, मुलीला कुंकू लावलं आणि फोटोत नाकासकट आले.

आत राहिले फक्त नंदोई, त्यांचे वडील आबा आणि माझा नवरा. “एसीचं भाडं भरलंय,” म्हणून ते तिघे त्याच्यासमोर बसून राहिले. घरी आल्यावर मी नवऱ्याची सोय पुढच्या खोलीत केली. ताट दाराशी, पाण्याचा तांब्या दाराशी. मामाचा मान तिथेही राखला.

पुढच्या आठवड्यात नणंदेचा फोन. “अगं, तुझ्या नंदोईंना खोकला, आबांना कणकण. आमचा भाऊ कसा आहे गं?”

“शिंकतायत. तुम्ही तपासून घेतलं का?”

“तपासून काय करायचं? हवा बदलली आहे.”

कोणीच तपासलं नाही, त्यामुळे कोणालाच काही झालं नाही. अक्का पुढे सांगत होत्या, आबांना काढा कसा नको असतो, नंदोई खोकला आला तरी पंखा कसा लावतात. मी हूं हूं करत ऐकत होते. स्वयंपाकघरात मदतनीस बाई मसाला भाजत होती, मध्ये दोन भिंती.

“अक्का, ठेवते. खोबरं करपतंय.”

“तुला तिथून दिसतंय?”

“नाही,” म्हटलं आणि धावले.