दत्तक नामंजूर

वर्ल्ड कपच्या तयारीत दोहा इतकं खोदून ठेवलं होतं, की फरीज बिन ओमरानमधल्या घरून स्टेडियमच्या साइटवर जायचा रस्ता रोज नवा असायचा. मी रोज चुकायचो आणि आमचा साहेब रोज माफ करायचा. साहेब आयरिश, साठीचा, माझ्या बायकोच्या थालीपिठांचा भक्त. एकदा तो भावाच्या अंत्यविधीला गावी जाऊन आला आणि ऑफिसात बातमी फुटली, की साहेब आता लॉर्ड झालाय. थोरला भाऊ निपुत्रिक गेला, म्हणून कुण्या इंग्रज राजानं त्यांच्या खापरपणजोबाला दिलेला किताब याच्याकडे आला होता. जमीनजुमला कधीच विकून झालेला. उरलं होतं नुसतं नाव.

आता लॉर्ड म्हणायचं का, असं मी विचारलं. तो म्हणाला, आधी स्लॅबचं ड्रॉइंग दाखव. मग हळूच म्हणाला, की हा किताब माझ्याबरोबरच संपणार, पुढे चालवायला वारस नाही.

मला वाटलं, बिचाऱ्याला मूलबाळ नाही. दुसऱ्याच्या घरची अडचण दिसली की मला उपाय सुचतोच. स्वतःच्या घरात सुचत नाही, असं बायकोचं मत आहे.

त्या शुक्रवारी समैस्माच्या किनाऱ्यावर आम्ही त्याला जेवायला बोलावलं. तो सोबत एका सावळ्या, कुरळ्या केसांच्या तरुणाला घेऊन आला. ओळख करून दिली ती वाऱ्यात उडाली. मी धरून चाललो, की साइटवरचा नवा ट्रेनी असणार.

थालीपीठ हातात घेऊन मी सुरू झालो. म्हटलं, आमच्याकडे यावर सोपा इलाज आहे, दत्तक. मुलगा मांडीवर बसवला की गादी चालू. तुमच्याच लोकांनी मोडता घातला. साताऱ्याचं दत्तक नामंजूर केलं आणि राज्य खालसा केलं.

"माझ्या लोकांनी नाही. इंग्रजांनी," साहेब म्हणाला.

"तेच ते. आणि लांब कशाला जाता? हा पोरगा गुणी दिसतोय. यालाच घ्या."

बायकोचा वाढता हात थांबला.

"घेतलाय," साहेब म्हणाला. "पाळण्यात होता तेव्हाच. माझा मुलगा आहे तो. घर, आडनाव, सगळं त्याचं. फक्त हा किताब रक्ताशिवाय पुढे जात नाही. तोही त्याला मिळावा म्हणून वकिलांकडे खूप खेटे घातले. दत्तक चालत नाही म्हणतात."

"खलास, डॅड," मुलगा म्हणाला. आठवडाभरात दोह्यात तो एवढं अरबी शिकला होता.

कोंडीत सापडलो की मी व्युत्पत्तीत शिरतो. आमचं खालसा आणि हे खलास बहुधा एकाच मुळातले, असं मी सांगू लागलो.

"अहो, पुरे," बायको मराठीत म्हणाली.

साहेबानंच विचारलं, "साताऱ्याच्या त्या मुलाचं पुढे काय झालं?"

"राज्य परत मिळालं नाही. पण लोक महाराजच म्हणत राहिले."

"याला कोण म्हणणार?"

मी मुलाच्या ताटात थालीपीठ वाढलं आणि म्हणालो, "घ्या, लॉर्डसाहेब."

मुलगा खळखळून हसला. साहेब समुद्राकडे तोंड करून बसला, आणि त्याच्या ताटातलं थालीपीठ पहिल्यांदाच तसंच राहिलं.