एसटी खाली गेली

हृदयाला रक्त कमी पडतं तेव्हा काय होतं, यावर संशोधन करणाऱ्यांसाठी आम्ही ईसीजींचा संग्रह तयार करत होतो. पेशंट छातीला पट्ट्या अन् कमरेला छोटं यंत्र लावून घरी जायचा, रोजची कामं करायचा, दुसऱ्या दिवशी यंत्र परत द्यायचा. मग मी आणि एक निवृत्त हृदयरोगतज्ज्ञ, त्यांना सगळे सर म्हणायचे, तो आलेख पडद्यावर बघून खुणा करायचो. आलेखातल्या एका तुकड्याला एसटी म्हणतात. रक्त कमी पडलं की बहुधा तो खाली सरकतो. तो कुठं आणि कशामुळं सरकला, यावरून आमची रोज भांडणं. सरांना कमी ऐकू यायचं, त्यामुळं भांडण बाहेरच्या बाकापर्यंत पोचायचं.

त्या सकाळी बाकावर पाचोडकडचे एक मेंढपाळ बाबा आणि त्यांची बायको बसली होती. बाबांच्या पट्ट्या काढायच्या होत्या, पण टेक्निशियन चहाला गेला होता. आत आमची दुसऱ्याच कुणाच्या आलेखावरून जुंपली होती.

"एसटी चांगली खोल गेलीय!" सर ओरडले.

बाकावरच्या आजी दार ढकलून आत आल्या. "कुठली एसटी? पाचोडची?"

सरांनी पडद्यावरची नजर काढली नाही. "सकाळचीच आहे. चढावर खाली गेली."

"अन् माणसं?"

"माणूस एकच. बरा आहे."

"एकच वाचला? आमची सून हाय हो तिच्यात!"

मी समजवायला उठेपर्यंत बाबा जिन्यानं खाली धावत सुटले होते, वायरी लोंबत, यंत्र चालूच. मी मागं पळाले. फाटकाशी ते थांबले, छाती दाबत कठड्यावर बसले. "लई आवळून आलंय," एवढंच म्हणाले.

आम्ही त्यांना स्ट्रेचरवर घालत होतो, तेवढ्यात समोरच्या काळी-पिवळीतून पिशवी घेऊन सूनबाई उतरल्या. एसटी आलीच नव्हती म्हणून जीपनं आल्या होत्या. आजींनी त्यांना कवटाळलं आणि रागानं म्हणाल्या, "मेली नाय व्हय गं तू?"

तपासणीत बाबांच्या दोन रक्तवाहिन्या जवळजवळ बंद निघाल्या. मेंढरांमागं चालताना छाती भरून यायची, पण वयामुळं असेल म्हणून ते कुणाला बोलले नव्हते. स्टेंट बसले, बाबा वाचले.

त्यांच्या आलेखात ती धावपळ पूर्ण उतरली होती. 'कारण' म्हणून मी 'चुकीची बातमी' असं लिहिलं. सरांनी ते खोडून 'जिना उतरताना' केलं आणि आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत.

पुढं तपासणीला आल्यावर बाबांनी आपला आलेख बघायला मागितला. मी दाखवला.

"हा मी?"

"हो."

"नाव कुठाय?"

"नाव टाकत नाही बाबा. तसा नियमच आहे."

ते नाराज झाले. "मेंढराला बी रंगाची खूण असतीय. कळपात आपलं कुठलं, कळाया नगं?" मग वाकून पडद्यावरच्या तांबड्या खुणेवर बोट ठेवलं. "हे तांबडं कुणी लावलं?"

"मीच लावलंय."

"मग झालं तर," ते म्हणाले, आणि आजींना बघायला आत बोलावलं.