वेशीपुढचा फोटो

कोरेगावात साळूबाईच्या तोंडी लागायची कुणाची टाप नव्हती. घेवड्याच्या बाजारात ती समोर येऊन उभी राहिली की भले भले व्यापारी माप सरळ धरायचे. नवरा नाथाजी गेल्यावर तिनं एकटीनं दुकान चालवलं. सवतीची पोर मनुबाई, पण तिला ‘सावत्र’ म्हणायची कुणाची हिंमत होऊ दिली नाही. वाढवली, वाईला चांगल्या घरी दिली. अशी ही ढाण्या बाई. आणि तिला वाचनालयाच्या भाऊसोनं एका जुन्या फोटोपायी पार गारठवलं की हो!

साल चौऱ्याहत्तर. वाचनालयानं गावच्या जुन्या फोटोंचं प्रदर्शन मांडायचं काढलं होतं. भाऊसो तिथला चिटणीस. दारोदार हिंडून त्यानं लग्नातले, कुस्त्यांचे, पलटणीतल्या गड्यांचे फोटो जमवले, म्हाताऱ्यांना बोलतं केलं. फक्त गावच्या वेशीचा फोटो कुठं मिळेना. रस्ता रुंद करायला वेस पाडली, तेव्हा तिचा फोटो काढून ठेवावा हे एकाही शहाण्याला सुचलं नव्हतं.

"काकी, तुमच्याकडं हाय म्हनं," ओट्यावर टेकत भाऊसो म्हणाला. "आमचं आबा सांगायचं. नाथाजीकाकांनी साताऱ्यासनं फोटूवाला आनला, आन् दोनी बायका घिऊन वेशीपुढं फोटू काढला."

"कवाच वाळवीनं खाल्ला त्यो."

"आरं तिच्या! आन् मी तर मनूताईला सांगून बसलो. वाईच्या स्टँडवर भेटली. म्हनली, माज्या आयचा फोटू हाय? लय रडली बगा. रविवारी येतीया."

मनुबाई लहानपणापासून एकच विचारत आली होती, माझी आय दिसायला कशी व्हती? आणि साळूबाई दरवेळी सांगायची, तिचा फोटू कवा काढलाच न्हाई.

फोटो होता. ट्रंकेच्या तळाशी, लुगड्यांखाली. त्यात मनुबाईची आय चंद्राबाई तेवढी नव्हती.

साळूबाईला मूल होईना म्हणून नाथाजीनं चंद्राबाईशी दुसरं लग्न केलं. मनुबाई रांगायला लागायच्या आतच ती तापानं गेली. मग पोरीला बोंडल्यानं दूध पाजायचं साळूबाईनं, रात्र रात्र मांडीवर घ्यायचं साळूबाईनं, आणि नाथाजी रोज दिवेलागणीला पोरीला भिंतीवरच्या फोटोपुढं नेऊन म्हणायचा, "ही बग तुजी आय." एक दिवस पोरीनं साळूबाईच्या कडेवरून फोटोकडं हात केला आणि म्हणाली, "आय." झालं! बाईचं डोकं फिरलं. नवरा बाजाराला गेलेला. तिनं फोटो चौकटीतून काढला, विळी मांडली आणि दुधी चिरावा तसा त्याचा जाड पुठ्ठा चिरला. फोटोत चंद्राबाई साळूबाईच्या पाठीमागं, अगदी कडेला उभी होती. पातं आपल्या खांद्यावर येऊ नये म्हणून साळूबाईनं तिथं पुठ्ठा अंमळ बाहेरून फिरवला. कापलेला तुकडा चुलीत गेला. नाथाजीनं घरी आल्यावर फोटो बघितला, पोरीला उचललं आणि चकार शब्द न काढता बाहेर पडला. त्यानं शिव्या दिल्या असत्या, हात उगारला असता, तर बरं झालं असतं. त्या दिवसापासून साळूबाईनं तो फोटो डोळ्यांनी बघितला नव्हता. पण मनुबाईनं "आये" अशी हाक मारली की ती हाक आपण चोरलीय असं तिला वाटायचं.

शनिवारी ती एस.टी.नं साताऱ्याला गेली. तिथला सिकंदर फोटोवाला फोटोतल्या माणसाला हवं ते करून द्यायचा. मिटलेले डोळे उघडायचा, बोडक्या डोक्यावर फेटा चढवायचा.

"सोपं काम हाय, मावशी," तो म्हणाला. "दुसरी बाई बसवू. नऊवारीतल्या लय पडल्यात माज्याकडं. नाक कसं व्हतं त्यांचं?"

"सरळ... न्हाई, वाईच बसकं. हनुवटीवर गोंदान." बोलता बोलता साळूबाईच दचकली. चुलीत घातलेलं तोंड तिच्या डोळ्यांपुढून हललं नव्हतं.

सिकंदरनं फोटोवर भिंग धरलं. "ही बोटं मातर खोडाय लागतील."

"कसली बोटं?"

त्यानं भिंग तिच्या हातात दिलं. फोटोत साळूबाई खुर्चीवर ताठ बसलेली, आणि तिच्या डाव्या खांद्यावर चार बोटं. मागं माणूस नाही, नुसती बोटं.

तिला सगळं आठवलं. डोक्यावर काळं फडकं घेतलेला तो फोटोवाला बघून तिची पाचावर धारण बसली होती. फोटो काढला की आयुष्य घटतं, असं तेव्हा बायका म्हणायच्या. ती नुसती कापत होती. तेव्हा मागून चंद्राबाईनं खांद्यावर हात ठेवला, वाकून कानाशी म्हणाली, "आक्का, भिऊ नगा. मी हाय न्हवं मागं."

"खोडू का?" सिकंदरनं विचारलं.

"हात लावू नगंस!" ती अशी ओरडली की बाहेरची गिऱ्हाइकं आत डोकावली. फोटो पदराखाली घेऊन ती स्टँडवर आली आणि चारचौघांत ढसाढसा रडली. आपल्याला धीर देणारीलाच आपण विळीवर धरली होती.

रविवारी मनुबाई आली. चहा घेतला नाही, टेकली नाही. "दाव," म्हणाली.

साळूबाईनं फोटो दिला. मनुबाईनं कापलेल्या कडेवर बोट ठेवलं. "हितलं मानूस?"

"मी कापलं. इळीवर. चुलीत घातलं. तू तिला आय म्हनलीस म्हनून."

मनुबाईनं फोटो दाराच्या उजेडाला धरला.

"बोटं ऱ्हायली ती," साळूबाई म्हणाली. "ती बी मी ठेवली न्हाईत, मने. माजा खांदा जपाय गेले, तवा ऱ्हायली."

"तिनं तुज्या खांद्यावर हात का ठेवला व्हता?"

साळूबाईनं सांगितलं. तिनं काही झाकलं नाही. चंद्राबाईचे शब्दही जसेच्या तसे सांगितले.

एवढ्यात भाऊसो दारात येऊन खाकरला. मनुबाई वळली. "वेस तुमची हाय, भाऊसो. फोटू देनार मी. पर आत्ता न्हाई. सांजच्याला या." तो गेला तशी तिनं कोपऱ्यातली खुर्ची ओढून मधोमध ठेवली.

"बस."

‘आये’ म्हणाली नव्हती. साळूबाईच्या ते बरोबर ध्यानात आलं.

"फोटूत बसलीस तशी बस."

साळूबाई ताठ बसली. मनुबाई मागं गेली, डाव्या अंगाला उभी राहिली आणि तिनं खांद्यावर हात ठेवला.

"असा?"

"वाईच खाली."

"असा?"

"व्हय."

हात निघाला नाही. बोटं आवळत गेली, लुगड्यातून रुतायला लागली. मागं पोर रडतीय की दात खातीय, काही कळेना. मान वळवून तिचं तोंड बघायची साळूबाईची छाती होईना. फोटोवाल्यानं हलू नका म्हणून सांगितल्यासारखी ती तशीच बसून राहिली.