फळ्यावरचा चार

आमच्या घरी एकदा चाराऐवजी आठ लिंबं आली आणि त्यावरून मी मुलीला चांगला अर्धा तास बोलले. बाजारच्या यादीत वस्तूंची नावं मी तिच्यासाठी इंग्रजीत लिहिते, आकडे मात्र हाताला सवय आहे तसे पडतात. लेमनच्या पुढे मी ४ लिहिला होता. मुलगी इथेच अबू धाबीत वाढलेली. मराठी समजते, पण वाचायच्या नावाने शंख. "आई, इट्स ॲन एट," ती म्हणाली. "तो चार आहे, डोळे आहेत की बटणं?" मी म्हणाले. जास्तीच्या लिंबांचं लोणचं घातलं आणि विषय संपला, असं मला वाटलं.

मी पाणी तपासते. "आमची ही सगळ्यांना पाण्यात पाहते," हा नवऱ्याचा ठरलेला विनोद. खलिफा सिटीतल्या आमच्या घरापासून तासाभरावर वाळवंटात एक मोठी बंद शेड आहे. उन्हाळ्यात तिच्या दाराच्या कडीला हात लावला तर चटका बसतो आणि आत मी स्वेटर घालून काम करते. आत सिमेंटचा लांबच लांब ओढा बांधलाय, तळाला गोटे टाकलेत आणि गार केलेलं पाणी त्यातून दिवसरात्र खळाळत असतं. त्यात ट्राउट वाढवतात. हा मासा मूळचा बर्फाच्या डोंगरातला. पाणी गार, स्वच्छ आणि प्राणवायूने भरलेलं नसेल, तर तो फार दिवस कुरकुरत बसत नाही, सरळ मरतो. नदीचं मूळ विचारू नये म्हणतात. आमच्या ओढ्याचं मूळ कुणी विचारलंच, तर मी भिंतीतला पाइप दाखवते.

रोज सकाळी ओढ्याच्या वरच्या टोकाला, मध्ये आणि खालच्या टोकाला मी पाण्याचं तापमान, अमोनिया आणि प्राणवायू मोजते. प्राणवायू आठाच्या आसपास असला की मासे मजेत. सहाच्या खाली गेला की त्यांना उपास, कारण खाल्लेलं पचवायलाही प्राणवायू लागतो. चारावर आला, तर धावायचं.

खाणं घालायचं काम केरळच्या एका गृहस्थांकडे होतं. माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठे. सगळे त्यांना चेट्टा म्हणत, म्हणजे दादा, आणि मीही तेच म्हणत असे. नोंदवहीत त्यांचा एक आणि सात सारखेच दिसतात, म्हणून मी त्यांना एकदा चारचौघांत झापलं होतं. आकड्यांच्या बाबतीत मी कुणाची गय करत नाही, आणि या गोष्टीचा मला तेव्हा फार अभिमान होता.

त्या आठवड्यात चेट्टांचा व्हिसा वाढवायचा कागद मॅनेजरच्या टेबलावर सहीसाठी पडला होता. जास्त खाणं टाकल्याबद्दल त्यांना आधी एकदा ताकीद मिळाली होती. आणखी एक चूक झाली की खलास, असं मॅनेजरने सगळ्यांदेखत सांगितलं होतं.

त्या सकाळी खालच्या टोकाचं कायमचं यंत्र दुरुस्तीला गेलं होतं, म्हणून मी हातातलं मीटर घेऊन वाकले. आकडा उतरायला लागला. सात. सहा. पाच. मी मनात मराठीतच मोजत होते. शिव्या आणि आकडे माणसाला आपल्याच भाषेत सुचतात. काटा असता तर मी बोटाने धरून ठेवला असता. आकडा चारावर येऊन थांबला. चेट्टा वरच्या टोकाला होते आणि पाण्याच्या आवाजात तिथवर हाक पोचत नाही. तेवढ्यासाठीच खालच्या टोकाला एक पांढरा फळा टांगलाय. खाणं घालायच्या आधी तो बघायचा, असा नियम. मी फळ्यावर आकडा ओढला आणि मागच्या खोलीकडे पळाले, कारण प्राणवायूचा नळ तिथे असतो.

नळ अडकला होता. मी फडकं ओलं करून त्यावर गुंडाळलं, दोन्ही हातांनी पिळलं, नळाला तोंडभर शिव्या घातल्या. किती वेळ गेला कुणास ठाऊक. शेवटी तो फिरला, नळीत सूं असा आवाज झाला आणि मी फडकं तसंच हातात धरून परत आले.

चेट्टा खालच्या टोकाला रिकामी बादली घेऊन उभे होते. ओढ्यात मासे तोंड वर काढून आ वासत होते. काही आडवे झाले होते, त्यांची पांढरी पोटं दिसत होती.

"खाना क्यों डाला?" मी किंचाळले.

"मॅडम, आठ लिखा था."

"चार लिखा था! आंखें हैं कि..."

पुढचा शब्द तोंडातच राहिला. मी फळ्याकडे पाहिलं. एरवी मी तिथे इंग्रजी आकडे लिहिते, पण आज घाईत माझ्या वळणदार, मराठी शाळेतल्या अक्षरात ४ पडला होता. मला लिंबं आठवली.

पुढचं लिहिताना लाज वाटते. बाहेर मॅनेजरच्या बुटांचा आवाज आला आणि माझा हात उठला. हातात ओलं फडकं होतं. एकदाच फिरवलं. फळा कोरा झाला.

मॅनेजर इजिप्तचा, कामात कडक, पण उगाच आरडाओरडा न करणारा. त्याने मासे बघितले, रिकामी बादली बघितली आणि चेट्टांना विचारलं, फळ्यावर काय होतं? "एट, सर," चेट्टा म्हणाले. मग त्याने माझ्याकडून मीटर घेतलं. मीटर आकडे साठवून ठेवतं. त्यात चार होता.

"शी मेझर्ड फोर," तो चेट्टांना म्हणाला. "अँड यू रीड एट?"

चेट्टांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या फडक्याकडे, आणि मान खाली घातली. मॅनेजर म्हणाला, "यल्ला, ऑफिसमध्ये चला." ते दोघे निघाले. चेट्टा बादली जागेवर ठेवायला थांबले, तिचा दांडा नीट आत वळवून ठेवला, आणि मला ते बघवेना.

"सर, थांबा," मी म्हणाले. "चूक माझी आहे."

मी मार्कर घेऊन फळ्यावर परत ४ काढला. हा आमचा चार, मी हाच लिहिला होता, फळा पुसला गेला. पुसला गेला, असंच म्हणाले. मी पुसला, हे तोंडातून निघालं नाही.

मॅनेजरने मान हलवली. "डोन्ट सेव्ह हिम. धिस इज एट. असा चार कुणी लिहीत नाही." मला चेट्टांची दया आली आहे, असं त्याला वाटलं. खोटं बोलायला मला एक सेकंद लागला होता, आणि आता खरं पटवता येत नव्हतं. मग मी फोन काढला, स्पीकरवर लावला आणि मुलीला विचारलं, मी यादीत लिंबं किती लिहिली होती?

रिंग वाजत राहिली. तिघेही फोनकडे बघत होतो. शेवटी तिने उचलला.

"आई, नॉट अगेन! यू रोट एट. अँड देन यू शाउटेड फॉर हाफ ॲन आवर दॅट इट्स फोर."

मॅनेजरने मार्कर घेतला आणि माझ्या चाराशेजारी अरबीतला पाच काढला. तो हुबेहूब शून्यासारखा दिसत होता. "खलास," तो म्हणाला आणि बाहेर गेला. ताकीद मला मिळाली. चेट्टांच्या कागदावर त्याच दिवशी सही झाली. मेलेले मासे आम्ही दोघांनी जाळीने उपसले. दोन टोपल्या भरल्या.

चहाच्या वेळी मी चेट्टांची माफी मागितली, फडक्याचा उल्लेख टाळून. त्यांनी कप खाली ठेवला.

"मॅडम, बेटी फोन नहीं उठाती, तो?"

मी दोघांचे कप उचलले आणि धुवायला नेले.

दुसऱ्या दिवशी मी खालच्या टोकाला मोजणी केली आणि फळ्यावर इंग्रजी सात लिहिला, इतका मोठा की आंधळ्यालाही दिसावा. चेट्टा बादली घेऊन आले. त्यांनी फळा वाचला, बादली खाली ठेवली आणि माझ्यापुढे हात केला. मी मीटर त्यांच्या हातात दिलं, आणि ते वाकून पाणी मोजेपर्यंत बाजूला उभी राहिले.