वळतानाचा शॉट

धंद्यातली माणसं त्याला 'लोणी' म्हणत. हे नाव एका लग्नाच्या शूटिंगनंतर पडलं. जिना उतरत, खुर्च्यांच्या रांगांमधून वाट काढत, थेट नवरीच्या चेहऱ्यापर्यंत त्याने एकच सलग शॉट घेतला होता. एडिटिंग करणारा पडद्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "हे काय शूटिंग म्हणायचं? लोणी आहे लोणी!" झालं. खरं नाव फक्त पावतीपुरतं उरलं.

लोण्याचं अर्धं श्रेय त्याच्या गिंबलचं. फूटभर दांडा, वर मुठीत मावेल एवढा कॅमेरा आणि मध्ये तीन छोट्या मोटरी. हात डावीकडे कलला की एक मोटर कॅमेऱ्याला सरळ करते, पुढे झुकला की दुसरी, मनगट वळलं की तिसरी, आणि हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत. पण चालताना माणूस वर-खाली होतो, त्याचं या मोटरींना काही करता येत नाही. तो धक्का गुडघ्यांनी सोसायचा असतो. गुडघे वाकवून, आधी टाच मग बोटं, असं पाण्याने भरलेली परात नेल्यासारखं चालावं लागतं. दहा वर्षांत ती चाल त्याच्या अंगात इतकी मुरली की दुकानात जातानाही तो तसाच चाले.

"भावजी, दूध आणायला निघालात की चोरायला?" त्याची मेहुणी विचारायची. ती चार घरं सोडून राहत होती आणि तिचं तोंड दहा घरं पलीकडे ऐकू जायचं.

बायको घरच्या पुढच्या खोलीत शिवणाचे वर्ग घ्यायची. वर्गाला सुट्टी असली की ती त्याच्याबरोबर शूटिंगला जायची. समोरून चालत येणाऱ्या माणसांना टिपायचं तर कॅमेरावाल्याला उलटं चालावं लागतं, आणि उलटं चालणाऱ्याला पाठीमागे डोळे लागतात. ते काम तिचं. दोन बोटांनी त्याचा पट्टा धरायची आणि हळूच सांगायची, "पायरी. खुर्ची. लहान मूल, थांबा. हं, चला." एवढ्या वर्षांत तो एकदाही पडला नाही. मागे वळून बघण्याची त्याला सवयच राहिली नव्हती.

मग एका सकाळी सुईत दोरा ओवताना तिचा नेम तीनदा चुकला. चौथ्यांदा सुई हातातून पडली. ती हसली, पण हसू अर्ध्याच चेहऱ्यावर आलं. अर्धांगाचा झटका होता. अठरा दिवस हॉस्पिटल झालं. वाचा वाचली, उजवी बाजू शाबूत राहिली. डावा हात मात्र मांडीवर ठेवला तर तिथेच पडून राहायचा, आणि डावा पाय तिच्या मागून ओढला जायचा, ऐकत नसलेल्या पोरासारखा.

फिजिओथेरपीचं क्लिनिक दीड तासावर होतं. तिथल्या मॅडम वयाने लहान, कामाला चोख. त्या म्हणाल्या, "काका, महिन्यातून एकदा आणा. मधल्या प्रत्येक रविवारी एक व्हिडिओ पाठवा. दहा पावलं जाताना, मग वळताना, मग दहा पावलं येताना. मोबाईलवर कसाही काढा, चालेल."

'कसाही' हा शब्द त्याला टोचला. आपल्या बायकोचा व्हिडिओ, आणि कसाही?

पहिल्या रविवारी त्याने खोलीपासून खिडकीपर्यंतची बोळकंडी मोकळी केली. चांगला उजेड यायची वाट पाहिली. तिला इस्त्रीचे कपडे घालायला लावले. कॅमेऱ्याच्या पडद्यावर तिच्या चेहऱ्याभोवती चौकट ओढून दिली. एकदा ती ओढली की माणूस कुठेही सरको, गिंबल त्याच्यामागे वळतो आणि चेहरा मधोमध ठेवतो. चार पायांची काठी टेकत ती निघाली, आणि तिच्यासमोर तो उलटा चालू लागला. आता पट्टा धरायला कोणी नव्हतं. धाडकन तो चपलांच्या कपाटावर आदळला.

"मागे कपाट!" ती समोरून ओरडली, एक सेकंद उशिरा.

दोघंही हसली. हॉस्पिटलनंतर घरात पहिल्यांदा कोणी हसलं होतं. त्याला वाटलं, हा रविवारचा कार्यक्रम बरा आहे.

त्या दिवशी पहिल्या टेकला तिचा हात भिंतीला लागला. तो म्हणाला, "कट. पुन्हा घेऊ." दुसऱ्याला पाय अडखळला. तिसऱ्याला तिने खाली पाहिलं. चौथा सुरेख आला. पहिले तीन त्याने पुसून टाकले, कारण बिघडलेला शॉट गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा नसतो, हे त्याच्या हाडात भिनलेलं होतं. राहिलं वळण. वळताना ती चार-पाच तुकड्यांत वळायची, खांदा एकीकडे आणि पाय दुसरीकडे, आणि कॅमेऱ्याकडे नुसती पाठ. पाठीचा शॉट कोण ठेवतं? त्याने वळण कापलं आणि जाणं-येणं अलगद एकात एक विरघळवून जोडलं. कळायचंही नाही.

चालताना ती डावीकडे झोकांडायची तेव्हा कॅमेराही तिच्याबरोबर वळायचा. त्यामुळे पडद्यावर तिचा चेहरा जागचा हलायचा नाही. हलायची ती मागची भिंत. भिंतीकडे कोण बघतं?

मॅडमचं उत्तर आलं, "वा काका! छान सुरुवात."

पाचव्या आठवड्यात चार पायांची काठी जाऊन साधी काठी आली. त्या महिन्यात मॅडमनीच कळवलं, "व्हिडिओत तोल उत्तम दिसतोय. काकूंना प्रवासाचा त्रास कशाला? या वेळी नाही आलात तरी चालेल." नवव्या आठवड्यात त्यांनी लिहिलं, "घरातल्या घरात काठीशिवाय थोडं थोडं चालू दे."

तो निरोप त्याने मोठ्याने वाचून दाखवला. मेहुणी म्हणाली, "बघ ताई, महिन्याभरात धावशील. भावजींना मागे टाकशील. तसेही ते चोरासारखेच चालतात."

बायको मात्र हसली नाही. तिने व्हिडिओ पुन्हा लावून घेतला. दर रविवारी ती तो तीन-चारदा बघायची, नातेवाइकांना पाठवायची. त्या दिवशी बघून झाल्यावर ती म्हणाली, "अहो, मी उगाच घाबरते की काय? वळताना मला जमीन सरकल्यासारखी वाटते. पण यात तर काहीच दिसत नाही."

"वाटतं तसं," तो म्हणाला. "भीती बसलीय मनात. जाईल."

हे बोलताना तो खोटं बोलतोय असं त्याला वाटलं नव्हतं. त्यानेही तो व्हिडिओ इतक्या वेळा पाहिला होता की कापलेलं त्याच्याही आठवणीतून कापलं गेलं होतं.

मंगळवारी सकाळी तो आतल्या खोलीत बॅटऱ्या चार्जिंगला लावत होता. ती काठी खुर्चीला टेकवून स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेली. ग्लास भरला, आणि वळली.

आवाज ऐकून तो धावला. ती फरशीवर उजव्या कुशीवर पडली होती, उजवा हात अंगाखाली. ती ओरडली नाही. "अहो, ग्लास फुटला," एवढंच म्हणाली.

उजवं मनगट मोडलं होतं. कोपरापर्यंत प्लास्टर चढलं. एक हात झटक्याने नेलेला, दुसरा प्लास्टरने. काठी धरायची कशाने? तो तिला भरवायचा, तोंड पुसायचा, केस विंचरायचा. त्याने पाडलेला भांग रोज वाकडा यायचा. ती आरशात बघून काही बोलायची नाही, आणि त्याला ते बोलण्यापेक्षा जड जायचं. मेहुणी आपलं अंथरूण घेऊन राहायलाच आली.

आठ दिवसांनी तिघं क्लिनिकला गेली. मॅडमनी तिला दोन्ही बाजूंनी धरून चार पावलं चालवलं, वळवलं, आणि त्यांचा चेहरा बदलला.

"काकू, हे असं किती दिवस होतंय?"

"पहिल्यापासूनच," ती म्हणाली.

मॅडमनी मोबाईलवर जुने व्हिडिओ काढले. एक पाहिला, दुसरा पाहिला. मग थांबून बोटाने मागे नेला. "काका, यात वळणं कुठे आहे?"

त्याने मोबाईलवरून नजर काढली.

"मी विचारतेय, वळतानाचा भाग कुठे गेला?"

"कापला," तो म्हणाला. "चांगला दिसत नव्हता."

मॅडमनी पुन्हा विचारलं, "आणि हे एकाच वेळी काढलेलं आहे?"

"नाही. चार-पाच टेक घ्यायचो. चांगला तो पाठवायचो."

"अहो काका!" मॅडम एवढंच म्हणाल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी मोबाईल उलटा करून टेबलावर ठेवला. "माझीही चूक झाली. वळणं नाही हे तेव्हाच दिसायला हवं होतं, आणि मी भेट रद्द करायला नको होती. पण मला वाईटच तर बघायचं होतं, काका. चांगलं बघून मी काय करू?"

मेहुणीला राहवलं नाही. "लग्न वाटलं का तुम्हाला? माझ्या बहिणीचं दुखणं म्हणजे अल्बम वाटला का?"

"धाकटे, पुरे," बायको म्हणाली.

परतताना गाडीत मेहुणी पुढे बसली, रागाने. मागे ही दोघं. बरंच अंतर गेल्यावर बायको हळूच म्हणाली, "तुम्ही कापता हे मला ठाऊक होतं. वाटलं, भिंतीला हात लागतो तेवढंच कापत असाल."

त्याला माफी मागायची होती. पण कुठून सुरुवात करावी ते कळेना. भांग वाकडा पडतो तिथून, की मनगटापासून, की त्या रविवारच्या 'कट'पासून? तो खिडकीबाहेर बघत राहिला. तिचा निकामी डावा हात दोघांच्या मध्ये सीटवर पडला होता. त्याने तो धरला. तिला ते कळलं की नाही, हेही त्याला कळलं नाही.

मॅडमनी नवा नियम सांगितला होता. कॅमेरा स्टुलावर, कमरेच्या उंचीवर, जागचा हलवायचा नाही. पाय दिसले पाहिजेत. एकदाच काढायचं. मेहुणीने शेजारून चालायचं, पण पडतेय असं दिसल्याशिवाय हात लावायचा नाही. "आणि काका, तुम्ही समोर नको. तुम्ही समोर असलात की काकू तुमच्यासाठी चालतात. श्वास धरतात, मान वर करतात. तेवढ्याने दहा पावलं निभतात, पण दिवस निभत नाही."

रविवारी त्याने स्टूल लावलं. कॅमेरा ठेवला, बटण दाबलं आणि स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिला. हात कुठे ठेवायचे ते समजेना. शेवटी ओट्याची कड धरली.

बाहेरून आवाज येत होते. उजवा पाय पडल्याचा, मग डावा ओढल्याचा. मध्ये किती वेळ जातो! समोरून चालताना त्याला हे कधी ऐकू आलं नव्हतं. तेव्हा त्याचं सगळं लक्ष तिचा चेहरा मधोमध ठेवण्यात असायचं. सात, आठ. नऊला ती थांबली. दहा. आता वळणं.

काहीच ऐकू येईना. मग मेहुणी दबक्या आवाजात म्हणाली, "सावकाश गं, सावकाश." कपडे भिंतीला घासले. त्याने एक पाऊल दाराकडे टाकलं आणि थांबला. जाऊन उपयोग नव्हता. तो दिसला की ती मान वर करणार, आणि ते चित्र पुन्हा खोटं होणार. आयुष्यभर इतरांच्या समोर उलटा चालणारा माणूस भांड्यांच्या मांडणीकडे तोंड करून उभा राहिला. डावा पाय फरशीवरून घासत अर्धगोल फिरल्याचा आवाज आला. मग एकदम तीन-चार पावलं भराभर, जशी तोल जाताना पडतात तशी.

"धरू?" मेहुणीने विचारलं.

"नको," बायको म्हणाली.

येतानाची दहा पावलं कधी संपली ते त्याला कळलं नाही. मेहुणीने "झालं" म्हटलं तेव्हा तो बाहेर आला. बायको खुर्चीत बसून धापा टाकत होती. कपाळावर घाम होता आणि प्लास्टरच्या हाताने तो पुसता येत नव्हता. त्याने पुसला.

व्हिडिओ दोन मिनिटं अकरा सेकंदांचा होता. त्याने तो न बघता, न कापता पाठवला. उत्तर अर्ध्या तासात आलं. "आता खरं दिसतंय. मनगट बरं झालं की पुन्हा चार पायांच्या काठीपासून सुरुवात करू. वळणं मुख्य. वेळ लागेल. किती ते आज सांगता येणार नाही."

त्याने ते वाचून दाखवलं. 'आज सांगता येणार नाही' हे गाळावं असं क्षणभर मनात आलं, पण त्याने वाचलं.

मेहुणी उठून चहा ठेवायला गेली.

"मला दाखवा," बायको म्हणाली.

"राहू दे आज. दमलीस."

"दाखवा."

तिला फोन धरता येत नव्हता. तो खुर्चीशेजारी जमिनीवर बसला आणि फोन तिच्या डोळ्यांसमोर धरला. पडद्यावर बोळकंडी जागच्या जागी स्थिर होती आणि त्या स्थिर बोळकंडीतून एक बाई डावीकडे झुकत, पाय ओढत दूर जात होती. टोकाला पोचली. वळायला लागली. तिथे त्याने डोळे मिटून घेतले. तिने घेतले नाहीत.

व्हिडिओ संपला. तो वाट बघत राहिला. ती रागावेल, रडेल, त्याला काहीतरी बोलेल, काहीही चाललं असतं.

"पुन्हा लावा," ती म्हणाली.

त्याने पुन्हा लावला.